एचएसएच्या पैशातून इलेक्ट्रोलाइट घ्यायचे तर काय काय करायचं

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटात इलेक्ट्रोलाइट पावडरचे दोन डबे असतात. कंपनी एक, चव एक, लिंबाची, किंमत पण एकच. एकाच्या झाकणावर काळ्या मार्करने लेकीचं नाव लिहिलंय आणि दुसऱ्याच्या झाकणावर नवऱ्याचं. लेकीचा डबा एचएसएच्या, म्हणजे टॅक्स वाचवून औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून येतो, नवऱ्याचा घरखर्चातून, आणि हे असं का हे मला इतक्या जणांनी विचारलंय, खास करून इकडे न्यू जर्सीत नुकत्याच आलेल्या मुलामुलींनी, की आता एकदा नीट बसून लिहूनच काढते. मी काही टॅक्सची जाणकार नाही, हे सगळं मी आयआरएसची, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याची, पानं वाचून, फोन करून आणि एकदा चांगली चूक करून शिकलेय.

मूळ मुद्दा आधी सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. कोण पितंय आणि कशासाठी पितंय, ह्यावर सगळं ठरतं. लेकीला पॉट्स आहे. म्हणजे झोपलेलं किंवा बसलेलं माणूस उभं राहिलं की ठोके धाडधाड वाढतात, तिच्या वयाच्या मुलांमध्ये दहा मिनिटांच्या आत मिनिटाला ४० किंवा जास्त वाढले तर डॉक्टर पॉट्स म्हणतात, मोठ्या माणसांत ३०. सकाळी दात घासताना ती बेसिनला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि आम्हाला बरेच महिने वाटत होतं की नाश्ता करत नाही म्हणून होतंय. शेवटी मुलांच्या कार्डिऑलॉजिस्टने निदान केलं आणि उपचाराचा एक भाग म्हणून भरपूर पाणी आणि जास्तीचं मीठ सांगितलं, रोज, मोजून. नवरा मात्र हाफ मॅरेथॉनची तयारी करतो, रविवारी लांब पळतो, घाम जातो म्हणून पितो. चांगलंच आहे ते, पण त्याला आजार नाही, त्यामुळे आयआरएसच्या लेखी त्याचा डबा म्हणजे तब्येत चांगली राहावी म्हणून घेतलेली वस्तू. तो खर्च मेडिकल होत नाही. डबा तोच असला तरी.

पहिलं, खातं कुठलं आहे ते बघा

नवीन आलेल्यांचा इथेच पहिला घोळ होतो, कारण ऑफिसच्या इन्शुरन्सच्या पोर्टलवर एचएसए आणि एफएसए शेजारी शेजारी असतात आणि दोन्हीचं कार्ड सारखंच दिसतं.

एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, २००३ च्या कायद्याने आलं आणि २००४ पासून सुरू झालं. हे खातं तुमच्या नावावर असतं, नोकरी बदलली तरी तुमच्याबरोबर येतं, वर्ष संपलं म्हणून पैसे जात नाहीत, शिल्लक गुंतवताही येते. ह्यात पैसे भरायला तुमचा इन्शुरन्स हाय डिडक्टिबल प्रकारचा लागतो, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम मोठी असते असा. २०२६ साठी हिशोब असा आहे की डिडक्टिबल एकट्याला निदान १,७०० डॉलर आणि फॅमिलीला ३,४०० डॉलर, आणि वर्षभरात जास्तीत जास्त भरता येतात एकट्याला ४,४०० आणि फॅमिलीला ८,७५० डॉलर, पंचावन्न पूर्ण झालेल्यांना वर १,००० अजून. २०२६ पासून मार्केटप्लेसवरून, म्हणजे इन्शुरन्सच्या सरकारी वेबसाइटवरून, घेतलेले ब्रॉन्झ आणि कॅटास्ट्रॉफिक प्लॅनही एचएसएला चालतात, जे आधी सगळे चालत नव्हते, त्यामुळे स्वतःचा धंदा किंवा कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांनी हे जरूर बघा. नागरिकत्वाची अट नाही, एच-वन-बीवर असलात तरी खातं उघडता येतं.

एफएसए म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट वेगळं. ते ऑफिसचं असतं, २०२६ ची मर्यादा ३,४०० डॉलर, वर्षात वापरलं नाही तर बरंचसं बुडतं (ऑफिसने सोय ठेवली असेल तर ६८० पर्यंत पुढच्या वर्षात नेता येतात, सगळी ऑफिसं ठेवत नाहीत). आणि एफएसएवाले प्रत्येक खर्चाचा पुरावा मागतात. एचएसएवाले सहसा काहीच मागत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे, पुढे सांगते.

नवरा-बायको दोघं नोकरी करत असाल तर एक गोष्ट आत्ताच तपासा. तुमच्याकडे एचएसए आहे आणि जोडीदाराने त्याच्या ऑफिसात साधं सगळ्या खर्चांचं एफएसए घेतलंय, तर त्या एफएसएमधून तुमचाही खर्च भागवता येत असल्यामुळे तुम्ही एचएसएमध्ये पैसे भरायला अपात्र ठरता. फक्त डोळे आणि दातांपुरतं जे मर्यादित एफएसए असतं ते चालतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं वर्षभराचं भरलेलं सगळं काढावं लागलं होतं ह्या एका टिकमुळे.

फायदा किती ते पण सांगते. पगारातून परस्पर एचएसएत पैसे गेले की त्यावर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही कापले जात नाहीत. २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ६० डॉलरच्या डब्यामागे साधारण १८ डॉलर वाचले. लेकीला महिन्याला दोन डबे लागायचे, म्हणजे वर्षाला चारशे डॉलरच्या वर बचत. एवढ्या पैशासाठी कागदपत्रं सांभाळायला माझी काही हरकत नाही. मात्र न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं एचएसएची सूट मानत नाहीत, स्टेट टॅक्स लागतोच, आणि आपली बरीचशी माणसं नेमकी ह्याच दोन राज्यांत आहेत. त्यामुळे एडिसन किंवा फ्रीमाँटमध्ये राहून टेक्सासवाल्या मित्राच्या हिशोबाने चालू नका.

दुसरं, कोणासाठी घेताय

एचएसएमधून तुम्ही स्वतः, नवरा किंवा बायको, आणि टॅक्समध्ये तुमच्यावर अवलंबून धरलेली माणसं, एवढ्यांचाच खर्च चालतो. मुलं लहान आहेत तोवर प्रश्न नाही. पण मुलगा चोवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो, तुमच्या इन्शुरन्सवर सव्वीसपर्यंत राहू शकतो म्हणून अजून आहे, तरी टॅक्समध्ये तो तुमचा डिपेन्डन्ट नाही, तर त्याचा खर्च तुमच्या एचएसएतून नाही. इन्शुरन्सचं वय आणि एचएसएचा नियम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आईवडील. हे मला जरा जीव तोडून सांगायचंय कारण प्रत्येक उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील किंवा सासूसासरे सहसा तुमचे टॅक्स डिपेन्डन्ट होत नाहीत, त्यासाठी ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा टॅक्सच्या दृष्टीने रहिवासी असावी लागते, किंवा कॅनडा-मेक्सिकोची रहिवासी. त्यामुळे त्यांना इथे जुलाब झाले, डिहायड्रेशन झालं, डॉक्टरने इलेक्ट्रोलाइट लिहून दिलं, तरी ते तुमच्या एचएसएतून घेता येत नाही. वाईट वाटतं, पण नियम तसा आहे.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर पैशाचा नसलेला एक मुद्दा. गेल्या वर्षी जुलैत त्या आमच्याकडे होत्या, उकाड्याने थकवा आला म्हणून त्यांनी लेकीची एक पुडी पाण्यात घालून घेतली. पुडीच्या मागे वाचलं तर एका पुडीत १,००० मिलिग्रॅम सोडियम. अमेरिकन हार्ट असोसिएशन मोठ्या माणसाला दिवसभरात २,३०० च्या वर जाऊ नका म्हणतं, आणि सासूबाईंना ब्लडप्रेशर. वर त्या टेल्मिसार्टन घेतात, त्या प्रकारच्या गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठू शकतं आणि ह्या पावडरींमध्ये पोटॅशियम असतंच. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून झाकणावर नावं लिहिली. बीपी, किडनी, हार्टचा त्रास असलेल्या कुणालाही डॉक्टरला विचारल्याशिवाय हे देऊ नका.

तिसरं, नक्की काय घेताय

आपल्या डोक्यात हे सगळं एकच असतं. लहानपणी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर जलसंजीवनीचं चित्र बघितलेलं, एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, त्यामुळे इलेक्ट्रोलाइट म्हणजे औषधच असं मनात पक्कं बसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसचं प्रमाण ठरलेलं आहे, एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९. इथे दुकानात मात्र त्याच्या शेजारी स्पोर्ट्स ड्रिंक, रंगीत पावडरी, फसफसणाऱ्या गोळ्या, नारळपाणी सगळं इलेक्ट्रोलाइट नावाने मांडलेलं असतं. भारतातही हा घोळ इतका झाला होता की २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे तिथल्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, साखरेच्या पेयांच्या खोक्यावर ओआरएस हे नाव वापरायला बंदी केली. नावावर जाऊ नका हे तिकडेही खरं आणि इकडेही.

तर इथे साधारण तीन ढीग करा.

एक ढीग पेडियालाइटसारख्या गोष्टींचा, म्हणजे उलट्या-जुलाबांत अंगातलं पाणी कमी झालं तर ते भरून काढायला बनवलेल्या. दुकानं जी मान्य वस्तूंची यादी वापरतात त्यात लहान मुलांच्या डिहायड्रेशनसाठी वेगळा गट असतो, त्यामुळे फार्मसीत हे एचएसए किंवा एफएसए कार्डावर सहसा सरळ जातं. पोराला पोटाचा इन्फेक्शन झालाय, डॉक्टरने सांगितलंय, चार बाटल्या घेतल्या, बिनधास्त घ्या, आणि पावतीवर कोणाला काय झालं होतं ते पेनने लिहून ठेवा.

दुसरा ढीग सप्लिमेंटचा. डबा उलटा करा, मागच्या चौकोनावर सप्लिमेंट फॅक्ट्स लिहिलं असेल तर हा ढीग. आयआरएसच्या पब्लिकेशन ५०२ मध्ये स्पष्ट आहे, सप्लिमेंट सर्वसाधारण तब्येतीसाठी घेतलं तर मेडिकल खर्च नाही, पण डॉक्टरने निदान केलेल्या ठरावीक आजारावर उपचार म्हणून वैद्यकीय व्यक्तीने सांगितलं असेल तर चालतं. आमचा डबा ह्या ढिगातला, आणि म्हणून आम्हाला पत्र लागलं. कोविडच्या वेळच्या केअर्स ॲक्टने २०२० पासून बिनचिठ्ठीची औषधं एचएसएतून घ्यायला मोकळी केली, ते खरं आहे, पण ती औषधं, ज्यांच्या मागे ड्रग फॅक्ट्स असतं. सप्लिमेंटला तो नियम लागू नाही. बरेच लोक ह्या दोघांची गल्लत करतात आणि मग म्हणतात आता सगळंच चालतं.

तिसरा ढीग गेटोरेडसारख्या पेयांचा, मागे न्यूट्रिशन फॅक्ट्स, म्हणजे खाणंपिणं. खाण्यापिण्याच्या वस्तूचा नियम अजून कडक आहे. ती रोजच्या पोषणाची गरज भागवणारी नसावी, आजारावर उपचार किंवा आराम देणारी असावी, डॉक्टरने तशी गरज लेखी सांगितलेली असावी, आणि त्यातही साध्या वस्तूपेक्षा जेवढा जास्तीचा खर्च झाला तेवढाच धरता येतो. माझं मत विचाराल तर स्पोर्ट्स ड्रिंकच्या मागे लागूच नका. दोन डॉलरच्या बाटलीसाठी एवढी उठाठेव कुणी करू नये.

घरून येताना बॅगेत इलेक्ट्रालच्या पुड्या आपण सगळेच आणतो. त्यांचं पुण्याच्या मेडिकलचं बिल एचएसएत घालायचा विचार करू नका, बाहेरच्या देशातून आणलेल्या औषधांना साधारणपणे मनाई आहे. तिकडे सुट्टीत जाऊन डॉक्टरला दाखवलं, दाताचं काम केलं, तो खर्च मात्र चालतो, पावती नीट घ्या.

चौथं, डॉक्टरचं पत्र

ह्याला इथे लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी म्हणतात. सगळं काम इथेच आहे.

अपॉइंटमेंट संपताना दाराशी उभं राहून मागू नका, डॉक्टर घाईत दोन ओळी लिहून देतात आणि त्या कामाच्या नसतात. मी पेशंट पोर्टलवर मेसेज केला, त्यात सरळ लिहिलं की तुम्ही हिला रोज जास्तीचं सोडियम सांगितलंय, आम्ही ते ओरल इलेक्ट्रोलाइट सप्लिमेंटमधून देतोय, एचएसएच्या रेकॉर्डसाठी पत्र हवंय, आणि पत्रात ह्या ह्या गोष्टी असल्या तर बरं होईल. चार दिवसांत नर्सने सही केलेलं पत्र अपलोड केलं. त्यात निदान होतं पण आजाराच्या कोडशिवाय, आणि मुदत नव्हती. मी परत लिहिलं. दुसऱ्या खेपेला नीट आलं.

पत्रात काय असावं ते आमच्या पत्रावरून सांगते. लेटरहेड आणि तारीख. लेकीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख. निदान, शब्दांत आणि कोडसकट, पॉट्सचा कोड जी९०.ए आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो वेगळा मिळाला. मग हे वाक्य की ओरल इलेक्ट्रोलाइट सप्लिमेंट ह्या आजारावरच्या उपचाराचा भाग म्हणून सांगितलं आहे, रोजचं प्रमाण किती, आणि त्याने रक्ताचं प्रमाण टिकून चक्कर कमी व्हायला मदत होते. किती दिवस, आमच्यात बारा महिने लिहिलंय, बहुतेक ठिकाणी वर्षाच्या वरचं पत्र चालवून घेत नाहीत. शेवटी डॉक्टरची सही. ब्रँडचं नाव लिहायला सांगू नका, वस्तूचा प्रकार लिहू दे, कारण मुलांना एक चव तीन महिन्यांत नकोशी होते आणि ब्रँड बदलला की पत्र बदलायची वेळ येते.

पत्राची तारीख खरेदीच्या आधीची असू दे. आधी डबे आणि मग सावकाश पत्र असं करू नका.

पॉट्सच हवा असं नाही. क्रोन्स हा आतड्यांचा आजार, सिस्टिक फायब्रोसिस, इलिऑस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढायचं ऑपरेशन) झालेली माणसं, सतत जुलाब होणारा काही आजार, ह्यांत डॉक्टर इलेक्ट्रोलाइट उपचार म्हणून सांगतात. पण निदान खरं असायला हवं आणि तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरने सांगितलेलं असायला हवं. हे मी मुद्दाम म्हणतेय कारण आता बऱ्याच वेबसाइटवर पैसे भरायच्या पानावरच एक छोटी प्रश्नावली येते, थकवा येतो का, झोप लागते का, पाच मिनिटांत भरा, कुणीतरी डॉक्टर ती वाचतो आणि पत्र ईमेलने येतं. आयआरएसने २०२४ च्या मार्चमध्ये नेमका ह्याच प्रकाराबद्दल इशारा दिला, की फक्त पेशंटने स्वतः सांगितलेल्या माहितीवर काढलेल्या चिठ्ठीने खाण्यापिण्याचा किंवा वेलनेसचा खर्च मेडिकल होत नाही. पत्र विकत मिळतंय ह्याचा अर्थ ते टिकेल असा नाही. टेलिहेल्थवर तुमच्याच डॉक्टरशी बोलून, रिपोर्ट दाखवून घेतलेलं पत्र ही वेगळी गोष्ट आहे, त्याबद्दल मी बोलत नाहीये.

पाचवं, पैसे भरताना

आता मघाशी म्हटलं ती गोम. एचएसएचं कार्ड स्वाइप झालं म्हणजे खर्च मान्य झाला, असं अजिबात नाही. एफएसएच्या कार्डाला दुकानाचं कॉम्प्युटर यादी तपासून अडवतं, नंतर पुरावाही मागतात. एचएसएत खातं सांभाळणारी कंपनी तुमच्या वस्तू तपासायला बांधील नाही, जबाबदारी पूर्ण तुमची, आणि ती कळते टॅक्सच्या वेळी किंवा आयआरएसचं पत्र आल्यावर. आणि उलटं पण होतं, पत्र असून कार्ड अडतं, कारण दुकानाच्या यादीत सप्लिमेंट नाही. अडलं तर घाबरू नका, साध्या कार्डाने पैसे भरा आणि नंतर एचएसएच्या वेबसाइटवरून तेवढीच रक्कम स्वतःच्या बँकेत काढून घ्या. दोन्ही सारखंच कायदेशीर आहे.

मी तर आता कायम दुसरी पद्धतच वापरते. पैसे परत घ्यायला कालमर्यादा नाही, खर्च एचएसए उघडल्यानंतरचा असला म्हणजे झालं. आजचा खर्च पाच वर्षांनी काढलात तरी चालतो, तोवर पैसे खात्यात वाढू देत. खातं उघडायच्या आधीच्या तारखेचा खर्च मात्र कधीच चालत नाही, त्यामुळे नवीन नोकरीतला हाय डिडक्टिबल इन्शुरन्स सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात खातं उघडा, पन्नास डॉलर टाकून का होईना, म्हणजे तारीख लागते.

एकाच ऑर्डरमध्ये दोघांचे डबे मागवू नका. वेगळी ऑर्डर, वेगळी पावती. माझी चूक इथेच झाली होती.

पावत्या

दुकानाची पावती गुळगुळीत कागदाची असते, आठ महिन्यांत कोरी होते. मी गाडीत बसल्या बसल्याच फोटो काढते. पावतीवर वस्तूचं नाव, तारीख, दुकान आणि रक्कम दिसली पाहिजे, नुसतं क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट पुरत नाही कारण त्यात काय घेतलं ते नसतं. ड्राइव्हवर वर्षाचं फोल्डर, त्यात आधी डॉक्टरचं पत्र, मग पावत्या, आणि एक शीट, तारीख, वस्तू, कोणासाठी, किती, एचएसएतून काढले का आणि कधी. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा, नाहीतर एकच पावती दोनदा काढली जाते. ज्या वर्षी पैसे काढले त्या वर्षाचं रिटर्न भरल्यापासून निदान तीन वर्षं सगळं ठेवा. म्हणजे पावती जुनी आणि पैसे उशिरा काढले तर पावती तेवढी जास्त वर्षं सांभाळायची. आणि जो खर्च एचएसएतून घेतला तो परत आयटेमाइज्ड डिडक्शनमध्ये, म्हणजे रिटर्नमध्ये एकेक खर्च मांडून सूट घेतात त्यात, दाखवायचा नाही.

टॅक्सच्या वेळी

जानेवारीच्या शेवटापर्यंत १०९९-एसए फॉर्म येतो, त्यात वर्षभरात खात्यातून किती काढलं ते असतं. रिटर्नसोबत फॉर्म ८८८९ भरायचा. एकूण काढलेली रक्कम १४ए ओळीवर, त्यातली योग्य मेडिकल खर्चाची १५ वर, आणि दोन्ही सारख्या असल्या की त्यावर काही टॅक्स नाही. हा फॉर्म विसरलात तर आयआरएसला फक्त काढलेली रक्कम दिसते आणि त्यांना ती सगळी उत्पन्न वाटते, मग नोटीस येते.

नवीन लोकांची ठरलेली चूक म्हणजे पगारातून कापलेले पैसे ह्याच फॉर्मच्या ओळ २ वर परत टाकणं. पगारातून गेलेले आणि कंपनीने घातलेले दोन्ही डब्ल्यू-२ च्या (ऑफिसकडून येणाऱ्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मच्या) बॉक्स १२ मध्ये डब्ल्यू कोडने आलेले असतात आणि ते ओळ ९ वर जातात. ओळ २ फक्त तुम्ही बँकेतून स्वतः भरलेल्यांसाठी. दोनदा सूट घेतल्यासारखं होतं ते.

चुकून घेतलं तर

पहिल्या वर्षी मी तीन डबे एकाच ऑर्डरमध्ये एचएसए कार्डावर घेतले, दोन लेकीचे, एक नवऱ्याचा. मला खरंच वाटलं होतं की पत्र आहे म्हणजे त्या वस्तूला परवानगी मिळाली. मार्चमध्ये शीट भरताना लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. तसंच सोडलं असतं तर त्या ६० डॉलरवर आमच्या स्लॅबने १३ डॉलर २० सेंट इन्कम टॅक्स आणि वर २० टक्के दंड, म्हणजे १२ डॉलर, मिळून २५ डॉलर २० सेंट. (पासष्टीनंतर तो २० टक्के दंड लागत नाही, इन्कम टॅक्स लागतोच.)

पण परत करायची सोय आहे. गैरसमजातून चुकीने काढलेले पैसे, चूक लक्षात आली किंवा यायला हवी होती त्या पहिल्या वर्षानंतरच्या १५ एप्रिलपर्यंत खात्यात परत भरता येतात. मात्र खातं सांभाळणारी कंपनी ते परत घ्यायला बांधील नसते, म्हणून आधी फोन करून विचारा. त्यांचा चुकीने काढलेल्या रकमेचा एक पानी फॉर्म असतो, तोच भरा. नुसते पैसे ट्रान्सफर केलेत तर ते ह्या वर्षाची नवीन भरणा म्हणून धरले जातात आणि तुमची मर्यादा खातात. मला फोनवर पहिल्या माणसाने असं काही होत नाही म्हणून सांगितलं, मी रिटर्न ऑफ मिस्टेकन डिस्ट्रिब्यूशन असा नेमका शब्द वापरल्यावर दुसऱ्या बाईंनी लगेच फॉर्म पाठवला. हा शब्द लिहून ठेवा.

आमच्या पत्राची मुदत ऑगस्टच्या अखेरीला संपते, म्हणून मी फोनमध्ये एक जुलैचा रिमाइंडर लावलाय. तेव्हाच लेकीची वार्षिक तपासणी असते, डॉक्टर उभं करून परत ठोके मोजतात, सोडियमचं प्रमाण कधी वाढवतात कधी कमी करतात, आणि नवीन आकड्याचं नवीन पत्र त्याच आठवड्यात पोर्टलवरून मागून घेते. मागच्या वेळी प्रमाण कमी झालं, आता महिन्याला दीड डबा पुरतो, आणि ती सकाळी बेसिनपाशी हात सोडून उभी राहते.